रंग कोणता, ते सांग

दादाच्या गॅरेजमध्ये भिंतीवर एक फळी आहे आणि तिला चाळीसेक मासे टांगलेले आहेत. सगळे खोटे. काही लाकडाचे, बहुतेक रेझिनचे. वीतभर लांबीचे, दोन किंवा अधिक तुकडे सांध्यांनी जोडलेले, आणि पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. प्रत्येक माशाच्या डोक्यावर एकेक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'पाठ शेवाळी, पोट नारिंगी', 'राखी, बाजूला गुलाबी पट्टा', 'हाडासारखा पांढरा'. अक्षर दादाचे आहे, शब्द माझे. 2023 च्या मे महिन्यात, महाविद्यालयाला सुट्टी लागल्यावर, मी उत्तर कॅलिफोर्नियात त्याच्याकडे राहिले होते. तेव्हा दोन संध्याकाळी बसून आम्ही हे काम केले.

दादाला तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. सांगलीला असताना हे घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पिकलेले टोमॅटो आणायला पाठवले की तो निम्मे हिरवे घेऊन येई आणि वेंधळा म्हणून बोलणी खाई, एवढेच. पुढे आगगाडीच्या इंजिनावरच्या नोकरीसाठी तो लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, वैद्यकीय तपासणीला गेला, आणि ठिपक्यांच्या वर्तुळात दडलेला आकडा त्याला वाचता आला नाही. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, हे डॉक्टरांनी आईच्या समक्ष सांगितले. त्यानंतर कित्येक महिने आई त्याला वाढताना प्रत्येक पदार्थाचा रंग सांगत असे. तो मुकाट्याने जेवत असे. त्याविषयी आमच्या घरात पुन्हा बोलणे झाले नाही.

कृष्णेवर तो गळ टाकून बसे तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता. गांडूळ किंवा कणकेची गोळी, आणि मरळ हवी असेल तर बेडकी. अमेरिकेत त्याला बास माशाचा नाद लागला आणि तिथे दुकानात उभे राहिले की सारा रंगांचाच बाजार. मोठ्या तोंडाचा हा बास मुळात कॅलिफोर्नियाचा नव्हे. त्याचा फ्लोरिडातील वाण 1959 साली सॅन दिएगोकडच्या तलावांत सोडण्यात आला. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातील तलावांत माणसांना पकडण्यासाठी म्हणून ट्राउट सोडले जात, ते खाऊन हे बास अवाढव्य झाले. आणि एवढ्या खाण्याला सोकावलेल्या माशासाठी बोटभर आमिष अपुरे पडू लागल्यावर तिथल्या कारागिरांनी ट्राउटएवढे लाकडी मासे कोरायला घेतले. हार्ड स्विमबेटचा उगम हा असा आहे.

दादा निवड करतो ती आधी चालीची. एकाच सांध्याचा मासा असेल तर रिळाची मूठ अर्धी फिरवून थांबायचे, की तो डावीकडे सरकतो. पुन्हा अर्धी, की उजवीकडे. अनेक सांध्यांचा मासा सरळ ओढला तरी सापासारखा वळवळत येतो. त्यानंतर बुडण्याचा वेग. थंड पाणी घन असते, म्हणून मेमध्ये सावकाश बुडणारा मासा जानेवारीत तरंगत राहतो. मग त्याच्या पोटाला शिशाची पट्टी लावायची. ह्या गोष्टी दादा हाताने जाणतो. रंगाशी आले की थबकतो.

वर्गात मी भ्रांतिमान अलंकार शिकवते, तेव्हा दोन वस्तूंमधल्या साम्यावर भर देते : साम्य इतके, की पाहणारा एकीला दुसरी समजतो. दादाला हे सांगितले तर तो हसला. म्हणाला, "हुबेहूब केलंस तर तो थव्यातला आणखी एक मासा झाला. बास धरतो तो चुकलेल्याला." म्हणून आमिष मध्येच थांबवायचे, अडखळवायचे. (त्या जूनपासून मी वर्गात हे उदाहरण देऊ लागले आहे. विद्यार्थी टिपून घेतात. परीक्षेत कोणी लिहीत नाही.)

मग रंग हवा कशाला? दादाने ह्यावर एक तोडगा काढला होता. तो डोळे किलकिले करून केवळ उजळ-काळोख पाहत असे : गढूळ पाण्यात गडद किंवा अगदी पांढरा, नितळ पाण्यात मधला. हा नियम बऱ्यापैकी चालतो, कारण बास पुष्कळदा खालून वर पाहतो आणि त्याला आकाशाच्या उजेडावर आमिषाची आकृती तेवढी दिसते. मला वाटले होते की रंग न दिसणे हेच इथे त्याच्या पथ्यावर पडले असेल. पण 2019 साली प्रसिद्ध झालेला बासच्या दृष्टीवरचा एक अभ्यास त्यानेच मला दाखवला. बासला पोपटी आणि पांढरा, किंवा निळा आणि काळा, हे वेगळे ओळखणे जड जाते. तांबडा आणि हिरवा मात्र तो चांगले ओळखतो. म्हणजे दादाला जो भेद दिसत नाही, नेमका तोच माशाला दिसतो. "तपासणीत तो पास झाला असता," दादा म्हणाला. तीस वर्षांत त्या तपासणीचा त्याने केलेला हा पहिला उल्लेख. चिठ्ठ्यांचे काम आम्ही त्याच संध्याकाळी सुरू केले.

शनिवारी पहाटे क्लिअर लेकवर गेलो. नाव क्लिअर, पाणी शेवाळाने हिरवट. काठाशी ब्लूगिल होते : चपटे, उंच अंगाचे, कल्ल्याच्या टोकाशी काळा डाग, आणि विणीच्या दिवसांत नरांची छाती तांबूस-नारिंगी. दादाने पेटी पुढे केली. "रंग कोणता, ते सांग." मी 'पाठ शेवाळी, पोट नारिंगी' काढून दिला. दोराला बांधून त्याने तो हातभर खोल सोडला, तेव्हा नारिंगी विटकरी दिसू लागला. आणखी खाली गेल्यावर मातकट. हिरव्या पाण्यात तांबडा उजेड लवकर विझतो. माझी चिठ्ठी दीड हातातच खोटी ठरली होती. मी तसे म्हणताच दादा म्हणाला, "आता मला दिसतो तसाच तुला दिसतोय."

दहाच्या सुमारास एक मोठा बास आमिषामागून होडीपर्यंत आला, क्षणभर थांबला आणि वळून गेला. दादाने रंग बदलला नाही. रीळ जरा हळू केले.

आता तो नवा मासा घेतला की फोनवर छायाचित्र पाठवतो. आमच्याकडे तेव्हा बहुधा रात्र असते. ट्यूबच्या उजेडात पडद्यावरचा रंग नीट ठरत नाही, म्हणून मी सकाळी गच्चीत जाऊन पाहते आणि कळवते. कालचा कळवला : पाठ शेवाळी, पण पोटाकडे पिवळट, नारिंगी नाही.