पाच खणांचा कोठा

आमच्या कंधारकडं घर मोजायचं ते खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेत. परसातला कोठा पाच खणांचा असला, की घर भरलेलं समजायचं. पाचांपैकी तीन खण जनावरांचे. तांबड्या लाल कंधारी बैलांची जोडी, एखादी गाय, कालवड आणि त्यांच्या गव्हाणी. सामानाला उरायचे दोन खण, आणि त्या दोन खणांत अख्खं शेत मावायचं.

भुईवर काही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. भुईवर ठेवलेलं वाळवीचं, नाहीतर उंदराचं, नाहीतर ओलीचं. म्हणून सगळं वर. तुळयांना आडवी बांधलेली तिफण वर, तिचं चाडं शेजारच्या खुंटीला. वखर वर, कोळपी वर, जू वर. अंबाडीच्या वाकाच्या पेंढ्या वर, म्हणजे उन्हाळ्यात बसून दावी, कासरे वळायला हाताशी. विळे आणि खुरपी तुळयांवरच्या लाकडी किलचनात खोचायची, पातं आत आणि मूठ बाहेर. पोरांचा हात पोचायचा नाही, आणि अंधारात चाचपलं तरी मूठच हाती यायची. "जिथनं काढलंस तिथंच ठिव," हे आजीचं वाक्य आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी दिवसातून चारदा ऐकू यायचं.

खरी हुशारी होती ती महिन्यांची. एकाच तुळईवर सालभर वस्तू बदलत राहायच्या. उन्हाळ्यात वखर खाली आला, की त्याच्या जागी गुंडाळलेली घोंगडी. मृगाला तिफण खाली, वखर वर. कोळपणी संपली, की कोळपं वर गेलं. हस्तात ज्वारीच्या पेऱ्याला तिफण पुन्हा उतरली. खळं लागलं, की सुपं, चाळण्या, दाताळं, पाट्या सगळं बाहेर, आणि मोकळ्या कोपऱ्यात तुराट्यांची, शेणामातीनं लिपलेली कणगी दगडांवर उभी. तुळई रिकामी अशी कधी दिसलीच नाही.

भिंतीही काही कमी नव्हत्या. दीड-दोन हात रुंद, दगडमातीच्या. त्यांत कोनाडे, देवळ्या, फडताळं. एका कोनाड्यात वंगणाचा डबा, एकात खिळे आणि मोडके नाल. नाल फेकायचा नसतो, लोहार त्याचं काहीतरी करतो. रॉकेलचा चौकोनी डबा गळायला लागला, की वरचा पत्रा कापून त्याचं धान्य भरायचं माप. खताचं पोतं फाटलं, की पावसाची खोळ. खोळ फाटली, की बैलाच्या पाठीवर. घरात मात्र बियाणं उतरंडीत राखेत घोळून, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं, कोठ्यातलं तिथं नाही आणि तिथलं कोठ्यात नाही.

धान्य फार झालं तर पेव होतंच. कडब्याचं अस्तर लावून भरायचं, तोंडावर दगड आणि चिखल. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी हवा जाऊ द्यायची, मग दिवा सोडून बघायचा. आतल्या कोंडलेल्या वाफेनं माणसं गेल्याच्या गोष्टी थोरांकडे असायच्या, म्हणून पेवाच्या काठावर पोरांना उभंही करत नसत. कडब्याची बनीम मात्र बाहेरच, चुलीच्या ठिणगीपासून लांब. तिच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालत, आणि ती शोधायचं काम आमचं.

माळेगावच्या जत्रेला नवी जोडी आणायची ठरली, की आधी कोठ्यातला एक खण रिकामा करायचा. माळेगाव तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं, आता लोह्यात आहे. जत्रेतून घुंगुरमाळा यायच्या, त्या झुली आणि बाशिंगांसोबत पत्र्याच्या पेटीत, पोळ्यापर्यंत.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपानं आमच्या माळवदांवरचा विश्वासच काढून घेतला. दगडमातीच्या जड भिंती आणि वरची पांढऱ्या मातीची टनावारी वजनाची छपरं झोपल्या माणसांवर आली. त्यानंतर जमेल त्यानं पत्रे टाकले, आणि ते बरोबरच केलं. जीव वाचवणारं छप्पर चांगलं, यात आम्हाला शंका नाही.

पण पत्र्याचं शेड आकारानं मोठं असून कमी मावतं, हे खरं. तुळई नाही, कोनाडा नाही, खोचायला किलचन नाही. सगळं भुईवर येतं, आणि भुईवर आलं की सापडत नाही. दुपारी पत्रा तापतो, तर त्याखाली बियाणं ठेवावंसंही वाटत नाही. आता आमच्यातल्या काहींनी वेल्डिंगवाल्याकडून शेडला डोक्याच्या उंचीच्या वर आडवे अँगल मारून घेतलेत, भिंतीला लाकडी खुंट्या ठोकल्यात. ट्रॅक्टर आला तरी कोळपी अजून बैलाचीच चालतात, तीच त्या अँगलवर चढली आहेत. वखरासाठी मात्र अजून जागा करायची आहे.