रिकामी खुर्ची

एक गोष्ट मी जवळजवळ पस्तीस वर्षं शोधत होतो. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. ज्यांना पुढच्या चार ओळींत ती ओळखू येईल त्यांनी कृपया हसू नये.

तर झालं असं. मी पाचवीत होतो. मे महिन्यात मामाकडे गेलो आणि माझे डोळे आले. ओल्या फडक्याची घडी डोळ्यांवर ठेवून चार दिवस माजघरात पडून होतो. आठवीतल्या दादाला माझ्याजवळ बसायची शिक्षा झाली. त्याने कुठूनसं एक पुस्तक काढलं आणि मला गोष्ट वाचून दाखवली. मराठे पानिपत जिंकतात ती! इतिहासाचे एक प्राध्यापक भलत्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथल्या ग्रंथालयात त्यांना कळतं की विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली. मग आझाद मैदानावर सभा, आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. प्राध्यापक सरळ जाऊन तीत बसतात, भाषण ठोकतात, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि ते तिथेच राहतात. कायमचे.

पुढे मी ही गोष्ट शोधत राहिलो ती ऐतिहासिक कथांच्या कपाटात. वाचनालयातले काका दर वेळी विश्वास पाटलांचं 'पानिपत' पुढे करायचे. (चांगलंच आहे ते, पण त्यात १४ जानेवारी १७६१ ला आपण हरतोच.) दादाला विचारलं की म्हणायचा, "डोळे मिटून पडला होतास, स्वप्न पडलं असेल." आणि गालात हसायचा.

दादा २०१९ मध्ये गेला.

२०२२ साली त्याची मुलगी अकरावीत होती. एका संध्याकाळी ती इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती. 'विश्वासराव' ऐकलं आणि मी हातातला चहा तसाच ठेवून तिच्याकडे गेलो. धड्याचं नाव 'द अ‍ॅडव्हेंचर', लेखक जयंत नारळीकर. म्हणजे विज्ञानकथा! मूळ मराठी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. चुकीच्या कपाटात किती वर्षं गेली माझी!

धडा तिथेच उभ्याउभ्या वाचला. खुर्चीपर्यंत सगळं जमलं. पुढे मात्र गंगाधरपंतांवर अंडी-टोमॅटो पडतात, लोक त्यांना खाली खेचायला धावतात, आणि ते आपल्या नेहमीच्या जगात परत येतात. खिशात बखरीचं एक फाटलेलं पान, तेवढाच पुरावा. मग त्यांचा मित्र राजेंद्र समजावतो की एक गोळी लागली की चाटून गेली, एवढ्यावरून दोन निरनिराळी जगं कशी होऊ शकतात.

टाळ्या कुठेच नाहीत.

मामीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ते बंबात घालायला काढलेलं पुस्तक. कव्हर नाही, मागची पानं नाहीत. तो घेऊन बसला होता खरा."

म्हणजे शेवट दादाने रचला होता. मी हिरमुसू नये म्हणून, की लवकर संपवून विटीदांडूला पळायचं म्हणून, कोण जाणे. दुसरी शक्यता जास्त वाटते. पण बंबाजवळ बसून इतकी वर्षं 'स्वप्न पडलं असेल' म्हणत हसणारा तो डोळ्यांपुढे आला आणि मला थोडा वेळ काही बोलता येईना.

पुतणीला तो शेवट सांगितला. दोनदा सांगायला लावला तिने. मग म्हणाली, "बाबांचाच चांगला आहे, काका. पण परीक्षेत चालणार नाही."