शिक्षेला तारीख असते

तुरुंग खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली बहुतेक वर्षं मी एकच वाक्य छातीठोकपणे बोलत आलो : जीव वाचतोय ना, मग बाकीचं नंतर. आत ज्याच्या जिवाला धोका, त्याला सेपरेटला, म्हणजे वेगळ्या कोठड्यांच्या यार्डात, टाकायचं, टाळं लावायचं आणि निर्धास्त व्हायचं. तो दिवसाचे बावीस-तेवीस तास कोठडीत बंद राहतो, हे मला कधी खुपलं नाही. आता खुपतं. निवृत्तीला जेमतेम चार वर्षं उरली असताना माझं मत बदललं. त्याआधी जे माझ्या सहीने कोंडले गेले त्यांना याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

बरॅकीतला कैदी दिवसभर कोंडलेला नसतो. उजाडलं की गिनती होऊन बरॅक खुलते, दुपारी काही वेळ बंद होते, पुन्हा खुलते ती संध्याकाळच्या बंदीपर्यंत. मधल्या वेळात नळावरची रांग, काम, कॅरम, भांडणं, एकमेकांच्या केसची चर्चा. सेपरेटमध्ये यातलं काहीच नाही. तिथे टोळीतून फुटलेला असतो, पोलिसाची नोकरी करता करता आत आलेला असतो, लहान मुलीवरच्या अत्याचाराचा आरोपी असतो. यांना बरॅकीत सोडायचं नाही आणि एकमेकांतही सोडायचं नाही, असा आमचा रिवाज. आमच्या यार्डात सात कोठड्या, एक अंगण, एक शिपाई. एकाला बाहेर काढायचं, पाय मोकळे करू द्यायचे, आत घालायचं, मग पुढचं टाळं. झडती, मुलाखती, कोर्टाच्या तारखा यांतून उरलेल्या वेळाचे सात वाटे केले की माणशी एक तास येई. शिपाई रजेवर गेला की तोही नाही. कोणी ठरवून छळत नव्हतं. हिशेबच तसा होता, आणि तो मी मांडला होता.

भीती खोटी नव्हती. २०१२ च्या जूनमध्ये येरवडा कारागृहात एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. मी तेव्हा दुसऱ्या जेलला होतो, पण ती बातमी आली त्या रात्री मी स्वतः उठून सेपरेटची टाळी ओढून पाहिली. त्या घटनेवरून मी धडा घेतला तो एवढाच, की टाळी आणखी वाढवायची. खून झाला तो अतिसुरक्षा विभागात झाला, जिथे टाळी आधीच सगळ्यात जास्त होती, या गोष्टीकडे मी बघितलंच नाही.

मग एक माफीचा साक्षीदार आला. टोळीच्या खून खटल्यात त्याने सगळं कबूल करून सरकारपक्षाच्या बाजूने साक्ष द्यायचं ठरवलं होतं. त्याचे जुने साथीदार आमच्याच बरॅकीत. ‘माझ्या जिवास धोका आहे, तरी मला वेगळे ठेवावे’ असा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आणि मी त्याच दिवशी मंजूर केला. कायदा असा, की माफीचा साक्षीदार आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत कोठडीतच राहतो. खटला कधी संपेल ते कोण सांगणार? दीड वर्ष तो माझ्या यार्डात होता. त्याच्या अंगावर ओरखडाही आला नाही. तपासणीला आलेल्या वरिष्ठांना मी अभिमानाने तेच सांगायचो.

त्याच्या शेजारच्या कोठडीत एका पोराला आणून घातलं. झडतीत मोबाईल सापडला म्हणून शिक्षा. पंधराव्या दिवशी सकाळी पोरगा अंथरूण काखेत मारून बरॅकीकडे निघाला, तेव्हा साक्षीदार गजाशी उभा होता. मला म्हणाला, “साहेब, मलाही शिक्षाच लावा. चौदा दिवसांची.”

मला राग आला. तुझ्यासाठी एवढं करतोय आणि तू हे बोलतोस, असं काहीतरी मी तोडून बोललो आणि पुढे गेलो.

महिन्याभराने यार्डाचा शिपाई दबकत म्हणाला, “साहेब, तो त्याच्या तासालाही बाहेर येत नाही.” मी जाऊन पाहिलं. दार सताड उघडं. तो उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उकिडवा बसलेला, एक हात गजावर. अंगणात ऊन होतं आणि उन्हाची कड त्याच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन थांबली होती. मी म्हणालो, “अरे, उघडं आहे.” तो म्हणाला, “हो साहेब.” आणि उठला नाही. मी दहा मिनिटं तिथे उभा होतो. तो उठला नाही.

त्या रात्री मी १८९४ चा तुरुंग कायदा काढला. खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केला होता, त्यानंतर असा वाचला नव्हता. कलम ४६ मध्ये जेलमधल्या शिक्षा दिल्या आहेत. कोठडीची शिक्षा एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही. त्याहून सौम्य अशी जी वेगळं ठेवण्याची शिक्षा, तिच्यातही रोज निदान एक तास व्यायाम आणि जेवण दुसऱ्या एखाद्या कैद्यासोबत. हे इंग्रजांनी गुन्हेगार कैद्याला शिक्षा म्हणून लिहून ठेवलेलं. माझा साक्षीदार दीड वर्ष एकटा जेवत होता. कलम २९ सांगतं, की शिक्षा म्हणून असो वा दुसऱ्या कारणाने, चोवीस तासांहून अधिक कोठडीत ठेवलेल्या माणसाला डॉक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्याने रोज एकदा भेटायचं. आमच्याकडे कंपाउंडर येऊन दारावरूनच सही करून जायचा. सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितलं होतं, की फाशी सुनावलेल्या पण अपील आणि दयेचा अर्ज अजून बाकी असलेल्या कैद्यालाही एकांतात डांबता येणार नाही. २०१५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांत तर दिवसाचे बावीस तास माणसाच्या सहवासावाचून ठेवणं म्हणजेच एकांतवास, आणि पंधरा दिवसांपुढे तो वर्ज्य. मी त्याला संरक्षण म्हणत होतो.

शिक्षेला तारीख असते. माझ्या संरक्षणाला तारीख नव्हती, एवढंच तो मला गजाआडून सांगत होता.

आणखी एक कबुली द्यायला हवी. लहान मुलीच्या केसमधल्या आरोपीला कोंडताना माझ्या मनात ‘असाच पाहिजे’ हे असायचं. संरक्षणाच्या नावाखाली मी माझ्या पदरची शिक्षा त्याला देत होतो. तो अधिकार न्यायालयाचा, माझा नव्हे.

नंतर मी काही फार मोठं केलं नाही. कोणाचं कोणाशी वैर आहे ते कागदावर मांडलं. सातांपैकी चौघांचं आपसांत काहीच नव्हतं. रिवाज म्हणून आम्ही त्यांना वेगळं ठेवत होतो. त्या चौघांना सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास अंगणात एकत्र सोडलं, जेवण एकत्र दिलं. जादा शिपाई मागितला, मिळाला नाही. मग मुलाखतीवरचा एक माणूस त्या वेळेपुरता फिरवला. कंपाउंडरला दार उघडून आत जायला लावलं. पहिले काही दिवस मला झोप नव्हती. माझ्या चार वर्षांत त्या अंगणात एकाही माणसावर हात पडला नाही. साक्षीदार आठवडाभर उंबऱ्यातच बसला, मग एका दुपारी ताट घेऊन बाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून जेवला.

अशा माणसांना बरॅकीत सोडा, असं मी म्हणत नाही. धोका खरा असतो, आणि सुमारे आठशे जणांसाठी बांधलेल्या आर्थर रोडला तीन हजारांहून जास्त माणसं असतात तेव्हा कोण कुठे गाठेल सांगता येत नाही. वेगळं ठेवावं लागेल. पण वेगळं ठेवणं आणि एकटं कोंडणं या दोन गोष्टी आहेत, आणि मी आयुष्यभर त्या एकच समजत आलो.

जेलला भेट देणाऱ्या न्यायाधीशांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना माझी विनंती आहे. तुम्ही स्वयंपाकघर बघता, बरॅकी बघता, तक्रारपेटी उघडता. सेपरेटलाही जा. टाळं उघडायला लावा, आत पाऊल टाका आणि त्या माणसालाच विचारा, की काल तो किती वाजता बाहेर आला, किती वाजता आत गेला आणि कोणाबरोबर जेवला.