मेहुण्याच्या पांढऱ्या पेशी

माझा मेहुणा गोंदियाचा. दोन वर्षांपासून नोकरीसाठी इंदूरला आमच्याकडेच राहतो. त्याला सिकल सेल आहे. सासरी हा शब्द घरोघरी माहीत आहे, पण इथल्या नातेवाइकांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं. "म्हणजे रक्त कमी ना? मग बीट आणि खजूर द्या," हा सल्ला ठरलेला. बीट खाऊन हिमोग्लोबिनची घडण बदलत नाही. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं, दोष तेवढाच. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. वाकड्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात आणि दुखतं, संपलं. मलाही लग्नानंतर बरीच वर्षं तेवढंच माहीत होतं. मग एकदा त्याचा रिपोर्ट हातात आला. पांढऱ्या पेशी सोळा हजार. ताप नाही, खोकला नाही. आत्या म्हणाली, इन्फेक्शन असणार. डॉक्टर म्हणाले, याचं नेहमीचंच आहे. बग रिपोर्टमध्ये "नेहमीचंच आहे" असं कुणी लिहिलं की मला चैन पडत नाही, म्हणून वाचायला बसलो.

आपली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल सेलमध्ये ती १० ते २० दिवसांत फुटते. फुटली की आतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं आणि त्यातून हीम मोकळं होतं. आता गंमत पाहा (गंमत म्हणायचं जिवावर येतं). प्रतिकारशक्तीच्या पेशींवर आणि रक्तवाहिनीच्या अस्तरावर टीएलआर-४ नावाचा एक सेन्सर असतो. जिवाणूंच्या आवरणातलं विष ओळखणं हे त्याचं काम. तो हीमनेही चाळवतो. जिवाणू नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवतं. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे निरोप सुटतात. अस्तर पी-सिलेक्टिन नावाचं चिकट प्रथिन बाहेर काढतं, त्याला न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशी धरतात, आणि त्या चिकटलेल्या पेशींना तांबड्या येऊन अडकतात. प्रवाह मंदावतो, ऑक्सिजन कमी होतो, आणखी पेशी वाकतात, आणखी फुटतात.

ऑन-कॉलवर असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एक अलर्ट दुसरा उठवतो, दुसरा पहिल्याला पुन्हा चालू करतो. फरक एवढाच की इथे सर्व्हर रीस्टार्ट करता येत नाही. थंडी, कमी पाणी, साधी सर्दी, कशानेही हे चक्र जोर धरतं.

गेल्या जानेवारीत रात्री दोन वाजता त्याला घेऊन एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत गेलो. हिमोग्लोबिन साडेआठ, म्हणजे नेहमीइतकंच. एक्स-रे स्वच्छ. ड्यूटीवरच्या माणसाने विचारलं, मग हा एवढा ओरडतो कशाला? बायको त्याच्याशी चाळीस मिनिटं भांडली, तेव्हा कुठे सलाइन आणि वेदनेचं इंजेक्शन मिळालं. आतली जळजळ एक्स-रेत दिसत नाही, हे तिला माहीत होतं. गोंदियाच्या मुलींना ते लहानपणीच कळतं.

दुसरी उलटी गोष्ट अशी, की पांढऱ्या पेशी जास्त म्हणून जंतूंपासून संरक्षण जास्त, असं मुळीच नाही. या आजारात प्लीहा लहानपणीच हळूहळू निकामी होऊ शकते, आणि न्यूमोकोकससारखे जंतू गाळण्याचं काम तिचं असतं. म्हणून ताप आला की पॅरासिटामॉल देऊन घरी थांबायचं नाही, लसी चुकवायच्या नाहीत.

तो हायड्रॉक्सीयुरिया घेतो. मूळ कर्करोगाचं औषध. सिकल सेलसाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि न्यूट्रोफिलही कमी करतं. फार कमी होऊ नयेत म्हणून रक्त ठरावीक काळाने तपासत राहावं लागतं. पी-सिलेक्टिन अडवणारं क्रिझॅनलिझुमॅब २०१९ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा मला फार आशा वाटली होती. पुढच्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली. एक निरोप अडवला तरी बाकीचे चालूच राहतात, असं मी आपलं समजून घेतलं.

बायको वाहक आहे. लग्नाआधी वडीलधारे पत्रिका पाहत होते, तेव्हा तिने मला चाचणी करायला लावली. दोघंही वाहक असते तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. मी वाहक नाही. आमची मुलगी आहे. म्हणजे तिला आजार नाही, एवढं तिच्या लसींच्या फाइलीत लावून ठेवलंय. आदिवासी आणि दलित समाजांत प्रमाण जास्त आहे, म्हणून बाकीच्यांना वाटतं हा आपला प्रश्न नाही. विदर्भात कुणबी आणि तेली घरांतही तो आहे. केंद्राचं सिकल सेल अभियान १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते.

सध्या मेहुण्यासाठी स्थळं पाहतोय. बायोडेटासोबत तो इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्टही पाठवतो. मुलगी वाहक नसेल तर मुलं वाहक होतील, आजारी नाही. पहिल्या दोन घरांतून उत्तरच आलं नाही. तिसऱ्या घरातून मुलीने स्वतःचा रिपोर्ट पाठवला, आणि खाली विचारलं, थंडीत तुम्ही काय काळजी घेता? बोलणी दिवाळीनंतर आहेत.