शेळी मेल्यावर नव्हे, जिवंत असतानाच!

आम्ही नोकरीसाठी तालुक्याला राहतो, पण आमचे भाऊबंद अजून गावच्या वस्तीतच आहेत. जमिनीचा तुकडा नाही. आहेत त्या चार-दोन शेळ्या. मुलाची फी असो की म्हातारीचे औषधपाणी, खुंट्याचा बोकड विकल्याशिवाय पैसा उभा राहत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यामागे अशीच गरीब घरे आहेत.

पहिल्या पावसानंतर शेळी कोवळे गवत अधाशासारखी खाते. आतड्यातले जंतू वाढून विष तयार होते आणि रात्री धडधाकट बांधलेली शेळी सकाळी मेलेली दिसते. लोक म्हणतात, नजर लागली! नजर नव्हे, हा आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्याआधी टोचावी लागते. नाक-डोळे वाहणे, तोंडात फोड, हगवण ही पीपीआरची लक्षणे. त्याचीही लस आहे, सरकारतर्फे मोफत. बुळकांडीने पूर्वी गोठेच्या गोठे ओस पडत. लसीच्याच जोरावर २०११ साली ती जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

मग अडते कुठे? दवाखाना उघडतो तेव्हा आपल्या बाया खुरपणीला गेलेल्या असतात. लसीकरण होते ते चावडीपुढे. वस्तीपर्यंत निरोपच येत नाही.

आम्ही मंडळातर्फे एक साधे काम केले. घरोघरी फिरून शेळ्यांची यादी केली, डॉक्टरसाहेबांना लेखी अर्ज दिला व त्याची पोच घेतली. मजुरीला जाण्याआधी, सकाळी सातला वस्तीतच लस टोचली गेली. त्या पावसाळ्यात वस्तीतला एकही खुंटा आंत्रविषाराने रिकामा झाला नाही.

एके काळी गावचे ढोर मेले की आपल्या वाडवडिलांना हाक येई. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. आपण ते सोडले. पण जिवंत जनावर जगवण्याचे ज्ञान अजून आपल्या दारापर्यंत आलेले नाही. ते मागून घ्यावे लागेल.

माता-भगिनींनो, मृग निघण्याआधी यादी करा, अर्ज द्या, पोच जपून ठेवा. जनावर आजारी पडले तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. शेळी वाचली तर पोराची शाळा वाचेल.