ट्रॅक सात

आडसाली लागणीचे दिवस आले की आमच्या कोऱ्हाळ्यात माणसं रामराम घालायच्या आधी विचारतात, "बेणं कुणाचं?" उत्तरात दोन गोष्टी यायला लागतात. जात कुठली आणि मळा कुणाचा. "८६०३२ हाय, वरच्या आळीच्या नानांच्यातनं आणलंय." एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो बांधावर टेकतो.

उसाचं बी आपल्याकडे कुणी पेरत नाही. कांडी तोडायची, डोळा पाहायचा, सरीत दाबायची. त्यातून उगवतो तो नवा ऊस नसतोच, तोच ऊस पुन्हा उगवलेला असतो. को ८६०३२ हे वाण कोइमतूरच्या संकरातलं. नीरेपलीकडच्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, त्या केंद्राने ते १९९६ साली 'नीरा' या नावाने शेतकऱ्यांपुढे ठेवलं. तिथून ते बैलगाडीतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, सोयरिकीतून, उसनवारीतून गावोगाव गेलं. सोमेश्वर कारखान्याच्या रस्त्याने नोव्हेंबरात निघालं की दोन्ही बाजूंना दिसणारा या जातीचा हिरवा पसारा म्हणजे एका रोपाच्या अगणित नकला आहेत. पण इतक्या नकला होऊनही त्याचं नाव पुसलं गेलं नाही. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा तो पाच आकडी क्रमांक बिनचूक सांगते.

हे मला राहून राहून आठवतं, कारण तीन वर्षं मी नकला काढूनच पोट भरत होतो.

२००९ ते २०१२. नीरा–बारामती रस्त्यालगत एक मोबाइलचं दुकान होतं, दहा बाय बाराचा गाळा. मालक पाव्हण्यातले, मी कामाला. बाहेर पाटी होती: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. आत एक संगणक, त्यात दोन हार्ड डिस्क, आणि त्यांत जगातली सगळी गाणी आहेत अशी आमची आणि गिऱ्हाइकाची दोघांचीही समजूत. दोन जीबीचं कार्ड भरायला वीस रुपये. माणूस नख घालून फोनची पाठ उघडायचा, बॅटरी काढायचा, तिच्याखालून नखाएवढं कार्ड जपून काढून माझ्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "भावगीतं टाका थोडी, बाकी तमाशा, आणि पोरांसाठी नवीन हिंदी." ऊसतोडीच्या हंगामात बीड-नगरकडच्या टोळ्या यायच्या. त्यांच्या कार्डात मी जेवढी गाणी भरली असतील तेवढी त्या तीन वर्षांत आणखी कुणाच्याच नाही. पहाटे तीन-चारला थंडीत फडात उतरणारी ती जोडपी, कोपीत झोपलेली पोरं, आणि बैलगाडीच्या साट्याला टांगलेला मोठ्या आवाजाचा चिनी फोन. त्या गाण्यांनी त्यांची रात्र थोडी तरी हलकी केली, असं मी तेव्हाही मानायचो आणि आजही मानतो. त्या माणसांना चोर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्यांच्यासाठी गाण्यांचं दुकान कुणी उघडलंच नव्हतं.

आमच्या त्या संगणकावरची विंडोजही नकलेचीच होती. मधूनच पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात ही प्रत अस्सल नसल्याची ओळ उमटायची. आम्ही ती मिटवून पुढचं कार्ड घालायचो.

त्याच्याही आधीची नक्कल सांगायची तर नव्वदच्या दशकातली. दिवाळीच्या सुट्टीत चुलत्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. पिवळ्या कॅसेटवर छापलं होतं '९९९९९ गेम', आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके, बाकी तेच उलटेसुलटे. कॅसेट लागली नाही की तिच्या पट्टीवर फुंकर मारायची. कॉन्ट्रात तीस जीव मिळवायची खूण, वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं आणि मग बी-ए, ही आमच्या आळीत पाढ्यासारखी पाठ होती. ती कोनामीच्या माणसांनी जपानमध्ये ठेवलेली खूण होती. पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, पण ते आम्हाला वाचता येत नव्हतं आणि वाचावंसंही वाटलं नव्हतं. यंत्र निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होतं, हे मला कळलं तेव्हा मिशी फुटली होती. संध्याकाळी पाचला वीज जायची, मारिओ जिथल्या तिथे विरायचा, आणि आम्ही कालव्यावर पोहायला पळायचो. ती दुपार अजून माझ्या अंगात आहे. तिचे पैसे ज्यांना मिळायला हवे होते त्यांना मिळाले नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

मग तो माणूस आला.

श्रावणातला सोमवार. करंज्याच्या सोमेश्वराला जाणाऱ्यांची रस्त्यावर गर्दी होती. साठीच्या पुढचा माणूस, धोतर, कपाळावर भंडारा, काखेत तुणतुणं कापडात गुंडाळलेलं. जेजुरीकडचा वाघ्या असावा. नातवाचा फोन घेऊन आला होता. कार्ड काढून दिलं आणि विचारलं, "एक गानं हाय का बगा बरं. बानूचं." मी म्हटलं, "बाबा, बानूची लय हायती, कुठलं?" तो थोडा घुटमळला. मग काउंटरवर हात ठेवून, डोळे मिटून, हलक्या आवाजात पहिली ओळ म्हटली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती गप्प झाली. मी 'जेजुरी' नावाच्या फोल्डरात एकेक फाइल लावत गेलो. सातवी लावली आणि तोच आवाज संगणकातून आला. तीस वर्षांनी तरुण असलेला, पण तोच.

"ह्येच," तो म्हणाला. "पुन्याला रेकार्डिंग झालं हुतं. कॅसेट निगाली हुती. माज्याकडं हुती एक, ती टेपानं खाल्ली."

मी ते गाणं त्याच्या कार्डात टाकलं. पैसे नको म्हटलं. त्याने दहाची नोट काउंटरवर ठेवली आणि बोटाने माझ्याकडे सारली. "धंदा हाय तुमचा," म्हणाला आणि गेला.

स्वतःचा आवाज विकत घेऊन गेलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. मला सुचलंच नाही. संध्याकाळी फाइल पुन्हा उघडून पाहिली. गायक: अज्ञात. अल्बम: अज्ञात. नाव: ट्रॅक ०७. कुणीतरी कुठेतरी कॅसेटवरून सीडी केली, सीडीवरून फाइल केली, आणि त्या वाटेवर कुठल्यातरी वळणाला तो गळून पडला.

चोरीविषयी माझं जे काही म्हणणं आहे ते त्या दहाच्या नोटेपासून सुरू होतं. पैशांचा प्रश्न मोठा आहे, त्याच्याकडे मी पाठ फिरवत नाही. पण नाव गेलं हे मला जास्त लागलं. पैसे उशिरा देता येतात, नाव एकदा गेलं की द्यायचं कुणाला तेच उरत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, असं ते सांगतं. २०१२ च्या दुरुस्तीने तसाच अधिकार गायका-वादकालाही दिला. म्हणजे तो वाघ्या आमच्या दुकानात उभा होता त्याच सुमाराला दिल्लीत त्याच्या नावाची सोय लिहिली जात होती.

शेतकऱ्यासाठी तर कायदा आणखी मोकळ्या मनाचा आहे. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा २००१ चा कायदा म्हणतो की शेतकऱ्याने बियाणं राखावं, पेरावं, देवाणघेवाण करावी, विकावंही. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं तसं लेबल लावलेल्या पिशवीत घालून, ब्रँडेड म्हणून विकू नये. मला यात फार शहाणपण दिसतं. नक्कल करायला, वाटायला हरकत नाही, तिच्यावर शिक्का मारून बाजार मांडायला आहे. आणि मूळ लक्षात ठेवण्यात शेतकऱ्याचा स्वतःचा स्वार्थही आहे, कारण बेणं थकतं. तीन-चार वर्षं तेच तेच लावत गेलं की कांडी बारीक पडते, रोग वाढतो, उतारा घटतो. मग पुन्हा संशोधन केंद्राकडे जावं लागतं. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी शुद्ध बेणं आणावं लागतं. कॅसेटचंही असंच होतं, कॉपीच्या कॉपीवर खरखर वाढायची आणि चांगली कुणाकडे आहे हे शोधत मुळापाशी यावं लागायचं. संगणकातली नक्कल मात्र थकत नाही. लाखावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ. म्हणून मुळाकडे परत जायची गरज कुणाला पडली नाही, आणि मूळ विसरलं गेलं.

आमच्या दुकानाचा तो धंदा कायद्याने बंद पडला नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि कार्ड भरून घ्यायला कुणी येईना. त्याच वर्षी २९ एप्रिलला 'सैराट' लागला होता. करमाळ्याकडचा मुलूख, उजनीच्या पलीकडची आमच्यासारखीच केळीची, उसाची शिवारं. थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत पोरांच्या फोनमध्ये फिरायला लागली. फोनात पाहिलेली तीच पोरं जीप करून बारामतीला थेटरात गेली, पुन्हा गेली, घरच्यांना घेऊन गेली. त्या सिनेमाने मराठीतले तोवरचे कमाईचे विक्रम मोडले. माणसाला आपली भाषा, आपली माणसं, परवडेल अशी किंमत आणि जाता येईल असं ठिकाण मिळालं तर तो आनंदाने पैसे देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पोलंडमध्येही हेच घडलं. सीडी प्रोजेक्ट नावाच्या कंपनीने १९९९ साली 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश भाषेत, पोलिश नटांच्या आवाजात, भरगच्च पेटीत विकायला आणला. नकलांनी भरलेल्या बाजारात लोकांनी तो विकत घेतला. पुढे त्याच कंपनीने स्वतःचा 'विचर' हा गेम केला. आमच्या त्या पिवळ्या कॅसेटपासून आजच्या फोनपर्यंत मी जेवढे गेम पाहिले त्यांत मराठीचं एक अक्षर दिसलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

पुतण्या आता बीजीएमआय खेळतो. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झालं तेव्हा नववीत होता, दोन दिवस जेवला नाही. पुढच्या वर्षी जुलैत तेच नवं नाव घेऊन आलं. घरातल्यांना त्याचा खेळ म्हणजे नासाडी वाटते, मला तसं वाटत नाही. रात्री मोटारीला थ्री फेज येईपर्यंत विहिरीवर जागं राहायचं असतं, तेव्हा तो, सोमेश्वरनगरचा एक मित्र आणि इंदापूरकडचे दोघं असे चौघं खेळातल्या बेटावर उतरतात, एकमेकांना सावरून घेतात. त्याच्या आजोबांनी त्याच विहिरीवर भजनं म्हणत रात्री काढल्या. रमीच्या आणि पैसे लावायच्या ॲपांचा मात्र मला संताप आहे. ऊसबिलाचे पैसे खात्यावर आले त्या रात्रीत गेलेले मी दोन घरांत पाहिले आहेत. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते योग्यच झालं, आणि त्या दोन घरांसाठी फार उशिरा झालं.

थोरली पुतणी बारामतीच्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्या टेबलावर स्पायरल बांधलेल्या झेरॉक्सची चळत आहे. टेलिग्रामवर आलेल्या पीडीएफ, छापून घेतलेल्या. तिच्याकडे सगळी पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत, हे मला माहीत आहे, मी तिला रागावलो नाही. पण चळतीतलं वरचं पुस्तक उचललं तर पहिली चार पानंच नव्हती. कागद वाचावा म्हणून छापलीच नव्हती. मी विचारलं, "लिहिलंय कुणी?" ती म्हणाली, "काका, माहीत नाही, पण भारी आहे." त्या रात्री मी तिला लेखकाचं नाव शोधायला लावलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर पेनाने लिहून घेतलं. तिने लिहिलं, माझं मन राखायला असेल.

यावरून मला पाण्याची चोरी आठवते. आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं. वीर धरणापासून निघालेलं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर चालत इंदापूरकडे जातं. पाणी आधी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला द्यावं आणि मग वर सरकत यावं, असा पाटबंधारे खात्याचा नियम आहे. तरी रात्री कालव्यात पाइप पडतात. पाइप टाकणाऱ्याला वाहतं पाणी दिसतं, टेलची सुकलेली सरी दिसत नाही. माझे मामा टेलचे आहेत, इंदापूर तालुक्यात. आवर्तनाच्या दिवसांत आईने कधी आमच्या घरचा पाइप कालव्यात पडू दिला नाही. "खाली माझा भाऊ हाय," एवढंच म्हणायची.

यंदाच्या लागणीला ट्रॅक्टर भाड्याने आणला होता. चालक फलटणकडचा, विशीतला. सऱ्या पाडता पाडता त्याने मडगार्डला लावलेला स्पीकर सुरू केला. दोन-तीन नवी गाणी झाली आणि मग तुणतुणं वाजलं. मी सरीतच थांबलो. बानूचं. तोच आवाज.

हात करून ट्रॅक्टर थांबवला. "कुणाचं रं हे गाणं?"

त्याने फोन काढून पाहिलं. यूट्यूबवर कुणीतरी टाकलेलं, वर खंडोबाचा फोटो, खाली सव्वादोन लाख लोकांनी ऐकल्याचा आकडा. "नाव न्हाय दिलेलं. जुनं हाय कुटलंतरी."

खाली प्रतिक्रिया होत्या. बऱ्याच जणांनी 'येळकोट येळकोट' लिहिलं होतं. एकाने विचारलं होतं, गायक कोण? त्याला चार वर्षं कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. मी त्याखाली लिहिलं: श्रावणी सोमवारी कोऱ्हाळे बुद्रुकला आले होते, साठीच्या पुढचे, वाघ्या, पुण्याला रेकॉर्डिंग झालं होतं असं म्हणाले. कुणाच्या घरातले असतील तर कृपया नाव कळवावं.

बांधावरून शेजारचे आण्णा हाका मारत होते. बेणं कुणाचं आणलंय, म्हणून.