जपानांतील चौदा दिवस

जपानाहून परत आल्यापासून विद्यार्थ्यांनीं आम्हांस जे प्रश्न विचारिले, त्यांतील निम्मे आगगाडीच्या वेगाविषयीं होते व निम्मे कच्च्या माशांविषयीं. दोहोंचें उत्तर पुढें येईल. पण आम्ही उभयतां त्या देशीं गेलों तें आगगाडी पाहावयास नव्हे, आणि खरें पाहतां चेरीचीं फुलें पाहावयासही नव्हे. आमच्या सहचारिणींचें माहेर वसईचें. वसईचा एक पुरुष चार शतकांपूर्वीं नागासाकी शहरीं क्रुसावर मेला, ही गोष्ट तिकडील ख्रिस्ती घरांत मुलांच्या कानांवर लहानपणींच पडते. आमच्या सासूबाई आतां फार थकल्या आहेत. "माझ्यानें जिनासुद्धां उतरवत नाहीं, तुम्ही तरी ती टेकडी पाहून या," असें त्या दरवर्षीं म्हणत. त्यांचें वय पाहतां हें काम आणखी पुढें ढकलणें आम्हांस बरें वाटेना.

हल्लीं परदेशचा प्रवास घडवून आणणाऱ्या कंपन्यांचा सुकाळ आहे. आम्हीं दोन ठिकाणीं चौकशी केली. दोहोंच्याही पत्रकांत टोकियो, फुजी पर्वत, क्योतो, ओसाका हीं नांवें होतीं, नागासाकीचें नव्हतें. एका कारकुनानें तर "तेथें पाहण्यासारखें काय आहे?" असा प्रश्न आम्हांसच केला. तेव्हां कंपनीचा नाद सोडून स्वतंत्रपणें जाण्याचें ठरलें. दोन वर्षें पैसा सांठविला, नकाशे पाहिले, जपानी भाषेंतील दहाबारा शब्द घोकले, आणि २०२४ च्या मार्चअखेर रजा घेऊन निघालों. पालकांपैकीं कोणी असा बेत करीत असल्यास व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवितों. परदेशी प्रवाशांकरितां सात दिवसांचा जो रेल्वेचा पास मिळतो, त्याची किंमत २०२३ च्या ऑक्टोबरांत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येन झाली. पूर्वीं तो डोळे मिटून घ्यावा अशी स्थिति होती. आतां आपले मुक्काम कागदावर मांडून सुट्या तिकिटांच्या बेरजेशीं ताळा पाहावा. आमचा हिशेब सुट्या तिकिटांच्या बाजूनें पडला.

टोकियोस पोंचलों तेव्हां फुलें नव्हतीं. त्या वर्षीं थंडी लांबली होती, आणि सारें शहर कळ्यांकडे पाहत बसलें होतें. तेथें फुलें आलीं कीं नाहीं हें ज्यानें त्यानें आपल्या मनानें ठरवावयाचें नसतें. यासुकुनी नांवाच्या देवालयाच्या आवारांत चेरीचें एक ठरलेलें झाड आहे. हवामान खात्याचे अधिकारी तें रोज निरखितात, आणि त्यावर पांचसहा फुलें उमललेलीं दिसलीं म्हणजे राजधानींत वसंत आला असें जाहीर करितात. २०२४ सालीं हा दिवस २९ मार्च रोजीं आला. आदल्या वर्षीं तो १४ मार्चलाच येऊन गेला होता. घोषणेनंतर चारच दिवसांत उएनोच्या बागेंत निळीं ताडपत्रें अंथरून माणसें सकाळपासून जागा धरून बसलेलीं आम्हीं पाहिलीं. कित्येक कचेऱ्यांत नव्यानें लागलेल्या तरुणास याच कामगिरीवर पाठविण्याची चाल आहे म्हणतात. नोकरीचा आरंभ झाडाखालीं बसून करावयास मिळणें, ही चाल आम्हांस तरी वाईट वाटली नाहीं.

या झाडांविषयीं एक शास्त्रीय गोष्ट सांगण्यासारखी आहे. शहरांतून सर्वत्र दिसणारी चेरीची जात सोमेइ-योशिनो या नांवाची असून ती बीपासून वाढवीत नाहींत. एका झाडाची काडी दुसऱ्या मुळावर बांधून कलम करितात. त्यामुळें देशभर पसरलेलीं हीं लक्षावधि झाडें वस्तुतः एकाच झाडाचे अवयव होत, आणि म्हणूनच एका गांवांतील सारीं झाडें एकाच वेळीं फुलतात व एकाच वेळीं झडतात. पानें येण्यापूर्वीं फुलें येतात, हें मात्र आपल्या पळसासारखेंच. आपल्याकडे फाल्गुनांत पळसाचे अख्खे डोंगर पेटल्यासारखे दिसतात. परंतु त्यांच्याखालीं घोंगडी अंथरून सहकुटुंब बसल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. बसावयास हरकत कांहींच नाहीं.

आतां आगगाडी. टोकियोहून ओसाकाकडे जाणारा हा जलद मार्ग १९६४ च्या १ ऑक्टोबर रोजीं सुरू झाला. टोकियो ते क्योतो हें अंतर गाडी सुमारें सव्वादोन तासांत कापते, आणि पुढें पश्चिमेकडील मार्गावर तिचा वेग ताशीं ३०० किलोमीटरपर्यंत जातो. आम्हांस वेगापेक्षां तिची सफाई पाहण्यांत अधिक गंमत वाटली. टोकियोच्या स्थानकांत आलेली गाडी परत निघण्यापूर्वीं सफाईकामगारांचा ताफा सात मिनिटांत सारे डबे झाडून, बांकें फिरवून बाहेर येतो व उतारूंस वांकून नमस्कार करितो. आमच्या सहचारिणींनीं ती मंडळी कामास लागतांच घड्याळ लावून ठेविलें. सात मिनिटांस पंधरा सेकंद उरले होते. कच्च्या माशांविषयीं एवढेंच कीं, ते त्यांनीं आवडीनें खाल्ले. आम्हीं समुद्रशेवाळांत गुंडाळलेल्या भाताच्या मुटक्यांचा आश्रय घेतला.

क्योतोविषयीं फार लिहीत नाहीं. तेथील देवालयें, बागा, कालव्याकांठची तत्त्वज्ञाची वाट, सारें सुंदर आहे; परंतु त्या आठवड्यांत सर्व जगच तेथें लोटलें होतें. गियोन नांवाच्या जुन्या वस्तींत तर खासगी गल्लींत शिरल्यास १०,००० येन दंड होईल, अशा पाट्या लागल्या होत्या. पाहुण्यांनींच यजमानांस असल्या पाट्या लावावयास लाविलें, हें उघड दिसत होतें. आम्हीं एक दिवस कमी करून हिरोशिमाची गाडी धरिली.

हिरोशिमा व नागासाकी हीं दोन नांवें आम्ही इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षें उच्चारीत आलों आहों. पाठ्यपुस्तकांत त्यांच्यासाठीं एक वाक्य असतें, आणि मुलें तें दोन तारखांसह बिनचूक पाठ करितात. हिरोशिमांत नदीकांठीं तें वाक्य उभें आहे: १९१५ सालीं बांधलेल्या प्रदर्शनगृहाच्या उघड्या भिंती व लोखंडी घुमटाचा सांगाडा. त्याजवळच्या उद्यानांत मुलांचें एक स्मारक आहे. सादाको सासाकी ही मुलगी बाँब पडला तेव्हां दोन वर्षांची होती; १९५५ सालीं, बाराव्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें ती वारली. आजारांत ती कागदाचे बगळे घडीत असे, हें पुष्कळांस ठाऊक आहे. हें स्मारक व्हावें म्हणून तिच्या वर्गांतील मुलांनीं खटपट केली, देशभरच्या शाळांतून वर्गणी जमली, आणि १९५८ सालीं तें उभें राहिलें. सरकारनें काढिलेली ही कल्पना नव्हे. एका वर्गाची आहे.

नागासाकीस जावयाचें तर हाकाता येथें एक गाडी बदलावी लागते, व पुढें ताकेओ-ओन्सेन येथें समोरच्याच फलाटावर उभ्या असलेल्या दुसरींत बसावें लागतें. हा शेवटचा तुकडा २०२२ सालीं सुरू झाला. उतरल्यावर पांचदहा मिनिटें चढण चढलें कीं निशिझाकाची टेकडी येते.

येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रुसावर देण्यांत आलें. त्यांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. प्रथम व्यापारी म्हणून तो पूर्वेकडे आला, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाला. जपानी भाषा त्यास उत्तम अवगत होती, आणि १५९३ सालीं धर्मगुरूंबरोबर दुभाषी म्हणून तो हिदेयोशीच्या दरबारीं गेला. पुढें त्याच हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतो येथें या लोकांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढिली, आणि ऐन हिवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत चालविलें. तेवढें अंतर तोडावयास त्यांस जवळजवळ महिना लागला. त्यांतील लुइस इबाराकी हा मुलगा बारा वर्षांचा होता. आमच्या सहाव्या-सातव्या इयत्तेंतील मुलांएवढा.

आम्ही ज्या पंथांत वाढलों त्यांत संतांच्या मूर्तींपुढें दिवा लावण्याची चाल नाहीं. तथापि त्या भिंतीपुढें आम्ही बराच वेळ उभे राहिलों. शिल्पकार फुनाकोशी यांनीं १९६२ सालीं घडविलेल्या सव्वीस ब्राँझच्या मूर्ती तेथें एका ओळींत आहेत; त्यांचे पाय अधांतरीं आहेत. आपला कोणता हें कळेना. मोबाईलवरील भाषांतराचें यंत्र त्या वेळीं नेमकें रुसलें. मागच्या संग्रहालयांतील एक बाई पायऱ्या उतरत होत्या, त्यांस आमच्या सहचारिणींनीं "गोन्सालो" आणि "इंडिया" एवढे दोनच शब्द म्हटले. त्या बाई थांबल्या, दोहों हातांनीं एका मूर्तीकडे निर्देश केला, मग आम्हां उभयतांकडे पाहून खालीं वांकल्या. सहचारिणींनीं तेथूनच घरीं मोबाईल लाविला. वसईस तेव्हां सकाळचे साडेसात झाले असतील. सासूबाईंनीं पडद्यावर ती मूर्ति पाहिली, पुष्कळ वेळ कांहींच बोलल्या नाहींत, आणि मग विचारिलें, "तिथें थंडी असते का ग?"

"असते, आई," लेक म्हणाली. "तो आला तेव्हां फार होती."

दुसऱ्या दिवशीं ट्रामनें उराकामीस गेलों. १६१४ च्या बंदीनंतर अडीचशें वर्षें धर्मगुरूवांचून, लपून, आपला विश्वास ज्यांनीं जतन केला त्या शेतकऱ्यांचें हें गांव. त्यांतील सुमारें ३,४०० लोकांस १८६८ नंतर देशोधडीस लाविलें होतें. परत आल्यावर त्यांनीं जें मंदिर बांधिलें, त्याच्या अगदीं जवळ ९ ऑगस्ट १९४५ रोजीं, सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं, बाँब फुटला. त्या मंडळीच्या बारा हजार लोकांपैकीं साडेआठ हजार मेले. मंदिर १९५९ सालीं पुन्हां उभें राहिलें. ढिगाऱ्यांतून दोन घंटांपैकीं एक अभंग निघाली होती, ती एका मनोऱ्यांत आहे. दुसरा मनोरा आम्हीं पाहिला तेव्हां रिकामा होता. पुढें अमेरिकेंतील ख्रिस्ती लोकांनीं वर्गणी करून नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याच वेळेस दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनंतर एकत्र वाजल्या.

तेथून शिरोयामाची प्राथमिक शाळा फारशी दूर नाहीं. बाँब फुटला त्या जागेपासून ती अवघी ५०० मीटर. तिच्या विद्यार्थ्यांपैकीं सुमारें चौदाशें त्या दिवशीं मेले. बहुतेक घरींच होते. जुन्या इमारतीचा एक तुकडा, जिन्यासह, स्मारक म्हणून राखला आहे. त्या इमारतींत युद्धकारखान्याची एक कचेरी होती, आणि दुसऱ्या शाळेंतील पंधरा वर्षांची एक मुलगी तेथें कामास आणिलेली होती. तिच्या आईनें पुढें कांहीं वर्षांनीं या शाळेस चेरीचीं रोपें दिलीं. मुलीच्या नांवावरून तीं झाडें कायोकोचीं म्हणून ओळखिलीं जातात. मूळचीं आतां थोडींच राहिलीं आहेत. पण त्यांचीं कलमें करून दूरदूरच्या गांवीं नेऊन लाविलीं आहेत.

जपानांत शाळेचें वर्ष एप्रिलांत सुरू होतें. सरकारी हिशेबाचें वर्ष १८८६ पासून एप्रिलांत गेलें, व शाळा हळूहळू त्याच्या मागोमाग गेल्या. आम्ही तेथें पोंचलों तो दिवस नव्या मुलांच्या प्रवेशसमारंभाचा होता. फुलें झडूं लागलीं होतीं. फाटकाशीं समारंभाचा फलक लाविला होता, आणि सहासहा वर्षांचीं मुलें पाठीवर आपल्याहून रुंद दप्तरें घेऊन एकेक करून त्याजवळ उभीं राहत होतीं. आयांनीं किमोनो नेसले होते. बाप काळ्या पोषाखांत घामाघूम झाले होते. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतों. एका गृहस्थानें आम्हांस पाहिलें, तो रस्ता ओलांडून आला, आणि आपला मोबाईल आमच्या सहचारिणींच्या हातीं देऊन फलकाकडे धांवत गेला. मुलगी कांहीं केल्या स्थिर राहीना. तिचें सारें लक्ष टोपीवर पडणाऱ्या पाकळ्यांकडे. तिसऱ्या खेपेस तिघांचेंही चित्र चांगलें आलें.